पाण्याने तुटणारा धागा

नायलॉन हा शब्द मराठीत इतका मुरलाय की तो परका वाटतच नाही. उपवासाला नायलॉन साबुदाणा, चिवड्याला नायलॉन पोहे, कपडे वाळत घालायला नायलॉनची दोरी आणि संक्रांत जवळ आली की नायलॉन मांजावरच्या बंदीच्या बातम्या. आमच्या उचगावच्या शेजारीच गांधीनगरचं होलसेल कापड मार्केट आहे. तिथे कुठल्याही दुकानात नायलॉनची चौकशी करा, दुकानदार भाव सांगेल, पण ते ज्यांनी बनवलं त्यांचं नाव सांगू शकणार नाही. त्यात त्याचा काही दोष नाही. आपण केमिकलवाले तरी कुठे सांगू शकतो? फर्स्ट इयरच्या केमिस्ट्रीत ते नाव एका ओळीत येतं आणि व्हायवा झाला की जातं.

ते नाव म्हणजे वॉलेस ह्यूम कॅरोदर्स. पण मित्रांनो, मी लिहायला बसलेय ते नायलॉनबद्दल नाही. नायलॉनच्या आधी याच माणसाच्या प्रयोगशाळेत एक वेगळा धागा निघाला होता. तो उष्णतेने वितळायचा, पाण्याने तुटायचा, म्हणून बाजूला ठेवला गेला. आज ऑपरेशनमध्ये शरीराच्या आत जे विरघळणारे टाके घालतात ते त्याच जातीचे, आणि ते पाण्याने तुटतात म्हणूनच घालतात. एकच गुण, एकदा दोष ठरला आणि एकदा उपयोग. या दोन्हींच्या मधल्या काळात कॅरोदर्स यांचं आयुष्य संपून गेलं होतं. ते आयुष्य सांगायचा हा प्रयत्न. माझं मराठी कॉन्व्हेंटमधलं आहे, तेवढं सांभाळून घ्या.

कॅरोदर्स यांचा जन्म २७ एप्रिल १८९६ रोजी अमेरिकेच्या आयोवा राज्यात बर्लिंग्टन इथे झाला. चार भावंडांत ते थोरले. वडील कॉमर्स शिकवणाऱ्या एका कॉलेजात शिक्षक होते, आणि मुलानेही आधी तोच रस्ता धरला. अकाउंट्स आणि सेक्रेटरीचा कोर्स पूर्ण केला. मग १९१५ मध्ये ते मिसुरी राज्यातल्या टार्किओ नावाच्या छोट्याशा कॉलेजात सायन्स शिकायला गेले. फी भागवण्यासाठी तिथेच अकाउंट्स शिकवू लागले. पहिल्या महायुद्धाच्या काळात केमिस्ट्रीचे प्राध्यापक कॉलेज सोडून गेले, तेव्हा कॉलेजने विद्यार्थी असलेल्या कॅरोदर्सनाच केमिस्ट्री शिकवायला लावलं. आपल्याकडे प्रॉक्सी हजेरीची असते. यांनी शिकवण्याचीच प्रॉक्सी केली!

१९२० मध्ये पदवी मिळाली. पुढे इलिनॉय विद्यापीठातून एम. ए., मध्ये एक वर्ष साउथ डाकोटा विद्यापीठात नोकरी, मग परत इलिनॉय आणि १९२४ मध्ये रॉजर अ‍ॅडम्स या नामवंत प्राध्यापकांच्या हाताखाली पीएच. डी. १९२६ मध्ये ते हार्वर्डला शिकवायला लागले. सगळं चढत्या क्रमाने चाललेलं. पण स्वभावाने ते अतिशय बुजरे होते, वर्गापुढे उभं राहणं त्यांना जड जायचं. आणि तरुणपणापासून अधूनमधून त्यांना खोल निराशेचे झटके यायचे. त्या काळात काम सुचायचं नाही, लोक नकोसे व्हायचे. आज आपण याला डिप्रेशन म्हणतो. ते येतं, जातं, परत येतं, हे त्यांना स्वतःला पुरतं माहीत होतं.

त्याच सुमाराला ड्यूपाँ कंपनीने ठरवलं की लगेच फायदा मिळो न मिळो, मूलभूत संशोधनावर पैसे घालायचे. कंपनीने कॅरोदर्सना बोलावलं. ते लगेच तयार झाले नाहीत. कारणांमध्ये त्यांनी आपल्या आजाराचाही उल्लेख केला होता, कारण कंपनीत असा माणूस चालेल का ही त्यांना शंका होती. कंपनीला चालणार होता. फेब्रुवारी १९२८ मध्ये ते डेलावेअर राज्यातल्या विल्मिंग्टन इथल्या ड्यूपाँच्या प्रयोगशाळेत रुजू झाले.

तेव्हा पॉलिमर म्हणजे नेमकं काय यावरच वाद चालू होता. जर्मनीचे हेरमान श्टाउडिंगर म्हणत होते की रबर, सेल्युलोज हे खरोखरच प्रचंड लांब रेणू आहेत. बऱ्याच जणांचं म्हणणं होतं की इतका मोठा रेणू असू शकत नाही, हे लहान रेणूंचे नुसते पुंजके आहेत. कॅरोदर्सनी वाद मिटवायचा एकदम इंजिनिअरिंग मार्ग काढला. लांब रेणू असतात की नाही यावर भांडण्यापेक्षा तो आपणच एकेक कडी जोडून बनवायचा. आणि कडी जोडायची तीही बारावीच्या पुस्तकात असते त्या साध्या रिअ‍ॅक्शनने. अ‍ॅसिड अधिक अल्कोहोल बरोबर इस्टर अधिक पाणी. दोन्ही टोकांना अ‍ॅसिड असलेला एक रेणू आणि दोन्ही टोकांना अल्कोहोल असलेला दुसरा घेतला, की साखळी वाढतच जाणार. पॉलिइस्टर हे नाव त्यातूनच आलं.

कागदावर हे सोपं वाटतं. अडचण पाण्याची होती. प्रत्येक कडी जोडली की पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो, आणि तेच पाणी उलट फिरून कडी तोडतं. साखळी वाढता वाढता एका ठिकाणी अडायची. जोडणं आणि तुटणं समसमान व्हायचं. यावर त्यांच्या गटाने मॉलिक्युलर स्टिल नावाचं उपकरण वापरलं. जवळजवळ निर्वात जागेत पदार्थ तापवायचा आणि निघणारी वाफ समोरच्या थंडगार पृष्ठभागावर गोठवून टाकायची, म्हणजे पाण्याला परत यायची संधीच द्यायची नाही. एप्रिल १९३० मध्ये त्यांचे सहकारी ज्युलियन हिल यांनी या पद्धतीने बारा हजारांपेक्षा जास्त रेणुभाराचं पॉलिइस्टर बनवलं. वितळलेल्या गोळ्यात काचेची कांडी बुडवून वर ओढली तर मागोमाग तार निघाली. ती तार थंड झाल्यावर पुन्हा ताणली तर तुटायच्या ऐवजी लांब झाली, चकाकू लागली आणि आधीपेक्षा मजबूत झाली. तोवर माणसाने संपूर्णपणे प्रयोगशाळेत तयार केलेला असा धागा कोणी पाहिला नव्हता.

मग पुढे काय झालं? काही नाही. धागा गरम पाण्यात टिकेना. शंभर अंशांच्या आतच वितळायचा, ड्रायक्लीनिंगच्या द्रावणात विरघळायचा आणि पाण्याचा संपर्क त्याला सोसायचा नाही. ज्याचं कापड धुता येत नाही आणि इस्त्रीही करता येत नाही, ते विकणार कोणाला? जे पाणी एवढ्या खटाटोपाने बाहेर काढलं होतं, ते परत मिळालं की साखळी मोडत होती.

तरी कॅरोदर्सनी या कुटुंबातले बाकीचे सदस्यही नीट तपासून ठेवले. १९३२ मध्ये त्यांच्या गटाने सहा कड्यांच्या वर्तुळाकार इस्टरवर शोधनिबंध लिहिला. त्यात लॅक्टाइड होतं, म्हणजे लॅक्टिक अ‍ॅसिडपासून, आपल्या दह्याला आंबट करणाऱ्या अ‍ॅसिडपासून बनणारा रेणू. त्याचं वर्तुळ उघडून साखळी करता येते आणि साखळीचं पुन्हा वर्तुळही होतं, असं त्यांनी दाखवलं. त्याच वर्षी त्यांनी आणि हिल यांनी सेबॅसिक अ‍ॅसिडचं पॉलिअनहायड्राइड बनवलं. त्याचाही धागा निघाला, पण तो पाण्यापुढे पॉलिइस्टरपेक्षाही लवकर हरला. १९३४ मध्ये कॅप्रोलॅक्टोनचं पॉलिमर झालं. कापडाच्या दृष्टीने तिन्ही निरुपयोगी. ते काम जर्नलमध्ये छापून आलं आणि तिथेच राहिलं. तीस वर्षं.

पुढची गोष्ट सगळ्यांच्या माहितीची आहे. इस्टरच्या जागी अमाइडची कडी घेतली. ती उष्णतेला आणि पाण्याला बरीच दाद देत नाही. २८ फेब्रुवारी १९३५ रोजी त्यांच्या गटात नायलॉन ६-६ तयार झालं. १९३६ मध्ये त्यांची अमेरिकेच्या नॅशनल अ‍ॅकॅडमी ऑफ सायन्सेसवर निवड झाली. कंपनीत काम करणाऱ्या ऑरगॅनिक केमिस्टला हा मान पहिल्यांदाच मिळत होता. त्याच वर्षी हेलन स्वीटमन यांच्याशी त्यांचं लग्न झालं. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, आता आणखी काय हवं?

आतून वेगळंच चाललं होतं. आपल्याला आता नवीन काही सुचत नाही, आपण संपलो, असं त्यांच्या मनाने घेतलं. १९३६ मध्ये त्यांना फिलाडेल्फियाच्या इस्पितळात उपचारांसाठी ठेवावं लागलं. जानेवारी १९३७ मध्ये त्यांची लाडकी बहीण इझाबेल वारली, तो धक्का त्यांना पेलला नाही. २९ एप्रिल १९३७ रोजी, एक्केचाळिसाव्या वाढदिवसानंतर दोनच दिवसांनी, त्यांनी स्वतःचं आयुष्य संपवलं. नायलॉनच्या पेटंटचा अर्ज होऊन तीन आठवडेही झाले नव्हते. जगाला नायलॉन जाहीर झालं ऑक्टोबर १९३८ मध्ये. मुलगी जेन जन्मली तीही वडील गेल्यावर, नोव्हेंबर १९३७ मध्ये.

चरित्रं सहसा इथे थांबतात. पण धाग्याचं काम अजून सुरूच व्हायचं होतं.

तोपर्यंत शरीराच्या आत टाके घालायला मुख्यतः कॅटगट वापरायचे. नावात मांजर असलं तरी तो मेंढ्यांच्या किंवा गुरांच्या आतड्यांपासून काढतात. तो शरीरातल्या एन्झाइममुळे विरतो, आणि एन्झाइम माणसागणिक आणि जखमेगणिक कमीजास्त. त्यामुळे टाका किती दिवस टिकेल याचा भरवसा कमी. १९६० च्या दशकात अमेरिकी लष्कराच्या वैद्यकीय प्रयोगशाळेत कॅरोदर्सच्या त्या दुर्लक्षित लॅक्टिक अ‍ॅसिडच्या साखळीकडे कोणीतरी पुन्हा बघितलं. १९६६ मध्ये शस्त्रक्रियेतल्या इम्प्लांटसाठी पॉलिलॅक्टिक अ‍ॅसिड या विषयावरचा निबंध प्रसिद्ध झाला. त्याच्या पहिल्या लेखकाचं नाव वाचून मी लायब्ररीत दोनदा चष्मा पुसला. आर. के. कुलकर्णी! आपल्या वर्गात तीन कुलकर्णी आहेत, म्हणून मुद्दाम सांगतेय. प्राण्यांच्या शरीरात हा पदार्थ हळूहळू विरतो आणि ऊतींना त्रास देत नाही, हे त्यात दाखवलं होतं. १९७० मध्ये पॉलिग्लायकॉलिक अ‍ॅसिडचा डेक्सॉन हा टाक्याचा धागा बाजारात आला, १९७४ मध्ये ग्लायकॉलिक आणि लॅक्टिक दोन्ही मिळून बनलेला व्हायक्रिल. १९९६ मध्ये मेंदूतल्या गाठीच्या ऑपरेशननंतर तिथेच औषध सोडत राहणारी ग्लायाडेल नावाची चकती अमेरिकेत मंजूर झाली. ती पॉलिअनहायड्राइडची असते आणि तिच्यात सेबॅसिक अ‍ॅसिड असतं. कॅप्रोलॅक्टोनही टाक्यांच्या धाग्यात आलं. तिन्ही नापास विद्यार्थी एकाच इस्पितळात कामाला लागले.

हे सगळं माझ्यापर्यंत आलं ते आमच्या काकूमुळे. तिचं सिझेरियन झालं तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं की वरचे टाके काढायला या, आतले आपोआप विरघळतील. घरात मी इंजिनिअरिंगवाली म्हणून प्रश्न माझ्याकडे आला, की आतले टाके जातात तरी कुठे? आजीची तर खात्री होती की काहीतरी आत राहूनच जाणार. मी सांगितलं की शरीरातलं पाणी त्या धाग्याच्या कड्या एकेक करून तोडतं. शेवटी उरतं लॅक्टिक अ‍ॅसिड आणि त्याचंच भावंड ग्लायकॉलिक अ‍ॅसिड. धावल्यावर आपल्या स्नायूंतही लॅक्टिक अ‍ॅसिड तयार होतं, शरीराला त्याची ओळख आहे. त्याचा कार्बन डायऑक्साइड होतो, पाणी होतं, आणि ते श्वासातून, लघवीतून बाहेर जातं. आजीला दह्याचा दाखला पटला. आणि वरचे टाके नायलॉनचे होते, म्हणजे काकूच्या पोटावर कॅरोदर्स दोन्हीकडून होते, आत त्यांचं अपयश आणि वर त्यांचं यश.

त्यानंतर आम्ही चौघींनी मिनी प्रोजेक्टला हाच विषय घेतला. हे धागे नेमके कसे विरतात ते तपासायची ठरलेली रीत आहे. रक्ताच्या जवळपास म्हणजे ७.४ पीएच असलेलं फॉस्फेट बफर घ्यायचं, ३७ अंशांवर ठेवायचं, धाग्याचे तुकडे त्यात सोडायचे आणि ठरलेल्या दिवशी काढून तीन गोष्टी मोजायच्या. वजन किती उरलं, ओढून तोडायला किती जोर लागला आणि रेणुभार किती राहिला. शेवटचं मोजमाप जेल परमिएशन क्रोमॅटोग्राफीने होतं, ती सोय आमच्याकडे नसल्यामुळे आम्ही पहिल्या दोनवर भागवलं. आठवड्यामागून आठवडे वजन जवळपास तेच, आणि धागा मात्र दर खेपेला लवकर तुटायचा.

याचं कारण मला फार आवडलं. पाणी धाग्यात शिरतं आणि साखळी मध्येच कुठेतरी तोडतं. लांब साखळीचे दोन तुकडे झाले तरी दोन्ही तुकडे तिथेच असतात, म्हणून वजन घटत नाही. पण जोर साखळीच्या लांबीत असतो, तो गेला. तुकडे होत होत इतके बारीक झाले की पाण्यात विरघळतील, तेव्हा कुठे वजन उतरू लागतं. व्हायक्रिलची ताकद शरीरात साधारण तिसऱ्या आठवड्यात निम्म्यावर येते, पण तो नाहीसा व्हायला दोन महिने किंवा जास्त लागतात. आपल्याकडे म्हणतात सुंभ जळला तरी पीळ जात नाही. इथे उलटं आहे, पीळ आधी जातो आणि सुंभ मागे राहतो.

बाकीचं सगळं या पाण्याच्या वेगाचं गणित आहे. लॅक्टिक अ‍ॅसिडच्या प्रत्येक कडीवर एक मिथाइल गट असतो, तो पाण्याला जरा लांब ठेवतो, म्हणून त्याचा स्क्रू हाडात दोन वर्षांपेक्षाही जास्त राहू शकतो. ग्लायकॉलिकमध्ये तो गट नाही, म्हणून तो भराभर विरतो. दोन्ही हव्या त्या प्रमाणात मिसळले की मुदत ठरवता येते. साखळ्या जिथे विस्कळीत असतात तिथे पाणी आधी शिरतं, स्फटिकासारख्या रचलेल्या भागात उशिरा. जाड तुकडा बाहेरून आत झिजेल असं वाटतं, पण बऱ्याचदा तो आतूनच आधी पोखरतो, कारण तुटून निघालेलं अ‍ॅसिड मध्यभागी अडकतं आणि तोडण्याचा वेग वाढवतं. आपल्या अंगावरचा पॉलिइस्टरचा शर्टही इस्टरचाच, पण त्याच्या साखळीत बेंझिनची रिंग आहे, म्हणून तो वर्षानुवर्षं धुतला तरी चालतो.

हे गणित चुकलं तर किंमत पेशंट मोजतो. हृदयाच्या धमनीत बसवून काही वर्षांत विरून जाणारा अ‍ॅबसॉर्ब नावाचा पॉलिलॅक्टिक अ‍ॅसिडचा स्टेंट अमेरिकेत २०१६ मध्ये मंजूर झाला आणि २०१७ मध्ये कंपनीने त्याची विक्री थांबवली. धातूच्या स्टेंटपेक्षा त्यात रक्ताची गुठळी होण्याचं प्रमाण जास्त दिसलं होतं. धातूइतकी ताकद यावी म्हणून त्याच्या काड्या जाड ठेवाव्या लागल्या होत्या, हे त्यामागचं एक कारण मानतात. नुसतं विरणं पुरेसं नाही. जखम भरेपर्यंत टिकायचं आणि भरली की निघून जायचं, दोन्ही वेळेवर जमायला हवं.

आता मला जे खरं म्हणायचंय ते. कॅरोदर्सची गोष्ट आम्हाला कॉलेजात सांगितली जाते ती अशी, की अपयशाने खचू नका, त्यांचं अपयशच पुढे कामाला आलं. धाग्यापुरतं हे खरं आहे. माणसापुरतं नाही. ते गेले तेव्हा अपयशी नव्हते. नायलॉन हातात होतं, अ‍ॅकॅडमीचा मान मिळाला होता, घरात मूल येणार होतं. तरी त्यांना आपण संपलो असंच वाटत होतं, कारण तो आजार होता आणि आजाराला मार्कशीट दाखवून बरं करता येत नाही. आपल्या हॉस्टेलमध्ये कोणी आठ दिवस मेसला आलं नाही तर आपण त्याची केटी किती ते आधी विचारतो. टॉपर असेल तर काही विचारतच नाही. हे दोन्ही बदलायला हवं. शेजारच्या खोलीचं दार वाजवायला हवं. आणि ते पुरलं नाही तर सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६ या नंबरवर, मराठीतही बोलता येतं. डॉक्टरकडे जाणं हा कमीपणा नाही. कॅरोदर्सना त्या काळात जे उपचार मिळाले त्यापेक्षा आज पुष्कळ चांगले आहेत.

ते जगले असते तर डेक्सॉन आला तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांचे असते. अशक्य काही नव्हतं. काचेच्या कांडीने तो पहिला धागा ओढणारे ज्युलियन हिल १९९६ पर्यंत, वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षापर्यंत जगले. आपण टाकून दिलेला धागा माणसांच्या जखमा शिवतोय, हे त्यांच्या हयातीत घडलं.

आज लॅक्टिक अ‍ॅसिड बनवतात ते साखर आंबवून. २०२४ मध्ये पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजने जेजुरीला बायोपॉलिमरचं प्रात्यक्षिक केंद्र सुरू केलं, तिथे याच पॉलिलॅक्टिक अ‍ॅसिडवर काम चालतं. उचगावातून कुठल्याही दिशेला थोडं बाहेर पडलं की ऊस दिसतो. आतापर्यंत त्याच्याकडे बघून मला गूळ, साखर आणि बिलाची तारीख एवढंच आठवायचं. आता टाकेही आठवतात. आमच्या गटाचं बफर बदलायची पाळी सोमवारी माझी आहे, आणि धाग्याचे शेवटचे चार तुकडे अजून तोडायचे राहिलेत.